घाट, गर्दी आणि मागचं इंजिन

तर मंडळी, झालं असं, की मागच्या विकांताला आम्ही वाशीहून पुण्याला सायकलने निघालो. आम्ही म्हणजे दोघं-चौघं नाही, चांगले दीडशे जण! पहाटे पाच वाजता चौकात एवढे चमकते दिवे आणि रंगीत हेल्मेटं पाहून रिक्षावाल्यांनी रिक्षा थांबवून विचारलं, "मोर्चा हाय का कसला?" सव्वाशे किलोमीटर, मध्ये बोरघाट, दुपारी पुण्यात जेवण आणि जेवणाच्या आधी ग्रुप फोटो. बेत एकदम फक्कड होता.

पनवेलपर्यंत तर मी स्वतःला भारी समजायला लागलो होतो. एरवी एकटा असताना बावीस-तेवीसच्या पुढे न जाणारा मी आरामात तीसने पळत होतो. अर्थात यात माझं कर्तृत्व शून्य. सपाटीवर त्या वेगाला सायकलवाल्याची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं, की त्यातली पाव ते एक तृतीयांश वाचते. म्हणजे तुम्ही पायडल मारता, पण तुम्हाला ओढत असते ती गर्दी.

गर्दीचा दुसरा नियम मी खालापूरच्या अलीकडे शिकलो. समोर खड्डा दिसला आणि मी ब्रेक दाबला. ओरडलो नाही, हात दाखवला नाही, नुसता दाबला. मला काहीच झालं नाही. अशा वेळी पडतो तो मागचा. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला घासलं आणि धाडकन आवाज आला.

पडले ते पंचावन्न-साठीचे एक काका होते. कोपर सोललेलं, आणि सायकलचा मागचा हँगर वाकलेला. हँगर म्हणजे गिअरची यंत्रणा ज्यावर लटकते तो छोटासा तुकडा. तो वाकला की गिअर टाकताच चेन स्पोकमध्ये जाते. मागून येणारा लोंढा आम्हाला वळसा घालून, "ओके का? ओके का?" विचारत पुढे गेला. दोन मिनिटांत रस्ता रिकामा.

मी माफी मागत होतो. काका म्हणाले, "अरे, ओरडायचं ना! ब्रेक मारायला कोण नको म्हणतंय?"

खोपोली सहा-सात किलोमीटर होतं. एकाच गिअरवर, हळूहळू, आम्ही दोघं निघालो. मी इतक्या वेळा या रस्त्याने गेलोय, पण कायम एसी गाडीतून आणि वरच्या एक्स्प्रेसवेवरून. तो २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि त्यावर सायकलला बंदी, त्यामुळे आमच्यासाठी जुना हायवेच. ताशी बाराने जाताना पहिल्यांदा लक्षात आलं, की समोर सह्याद्री सरळ भिंतीसारखा उभा आहे, आणि या भिंतीखाली येऊन गर्दीचं काय होतं याचा इतिहास आमच्यापेक्षा बराच जुना आहे.

काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. आयुष्य याच भागातल्या कारखान्यांत मशीनवर गेलेलं. "उंबरखिंड बघितलीस का?" त्यांनी विचारलं. नव्हती बघितली. उंबरखिंड याच खालापूर तालुक्यात. फेब्रुवारी १६६१. शायिस्तेखान पुण्यात तळ ठोकून बसला होता आणि त्याने कारतलबखानाला मोठी फौज देऊन कोकणात धाडलं. सोबत रायबागन. फौज लोणावळ्याकडून घाट उतरून खाली आली आणि या खिंडीत शिरली. मैदानात या फौजेशी समोरासमोर लढणं महाराजांना परवडलं नसतं. पण खिंडीत हजारोंची फौज म्हणजे एकामागे एक उभी असलेली माणसं. पुढच्याला मागे येता येत नाही, मागच्याला पुढे जाता येत नाही. दोन्ही तोंडं बंद केली आणि खेळ खल्लास. खानाने शरणागती पत्करली, सामानसुमान तिथेच टाकलं आणि जिवंत परत गेला. चिंचोळ्या वाटेत गर्दीचं बळ हेच गर्दीचं ओझं होतं. हे वाक्य मला तासाभरापूर्वी कुणी सांगितलं असतं, तर मी एवढा चिकटून चाललो नसतो :-)

नंतरच्या प्रत्येक राज्यकर्त्यापुढे तोच प्रश्न होता. एवढी माणसं, एवढा माल, हा घाट चढवायचा कसा? पेशवाईत नाना फडणवीसांनी घाटाच्या पायथ्याला, खोपोलीला, तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं. चढण्याआधी माणसाने आणि बैलाने पाणी पिऊन दम खावा, ही सोय. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे वॉटर्लूमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वेलिंग्टनने, तोफा जातील एवढा रस्ता करून घेतला. पण चाकांच्या गाड्यांसाठी नीट बांधलेला रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. आपला अमृतांजन पूल त्याच १८३० चा. त्याच्याखालून जाताना आपण वर्षानुवर्षं "आलं लोणावळा" म्हणायचो. एप्रिल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो पाडला.

आता गंमत बघा. रेल्वेसारखी रेल्वे, पण तीसुद्धा खोपोलीला येऊन थांबली. १२ मे १८५६ रोजी पळसदरीहून खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. १४ जून १८५८ ला वर खंडाळा ते पुणे लाईन सुरू झाली. आणि मध्ये? मध्ये घाट. पुढची जवळजवळ पाच वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला आगगाडीतून उतरायचा, ऐपतीप्रमाणे पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा, आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. आमच्या भाषेत दोन सिस्टिम तयार, पण मधला इंटरफेस मॅन्युअल! आणि मॅन्युअल म्हणजे अक्षरशः माणसांच्या खांद्यावर.

घाटातली लाईन १८६३ मध्ये सुरू झाली. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. सगळ्यात तीव्र जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ. कामाच्या ऐन भरात, १८६१ मध्ये, इथे ४२,००० माणसं राबत होती. आमच्या दीडशेच्या लोंढ्याचं मला सकाळी केवढं कौतुक वाटलं होतं! मुख्य अभियंता जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे नेलं. या तिघांची नावं पुस्तकांत आहेत. पटकीने आणि सुरुंगाने जे हजारो मजूर गेले, त्यांची नाहीत.

हे ऐकताना मी मध्येच विचारलं, "काका, दुखतंय का?" तर म्हणाले, "कोपर दुखतंय, तोंड नाही."

एवढं करूनही एका इंजिनाला हा घाट झेपत नाही तो नाहीच. म्हणून कर्जत. लहानपणापासून कर्जत म्हणजे माझ्यासाठी फक्त बटाटेवडा. गाडी तिथे एवढी का थांबते हा प्रश्न कधी पडला नाही. वडे खायला थांबते असंच वाटायचं. ती थांबते, कारण तिथे मागून जास्तीची इंजिनं लावतात, ती 'बँकर'. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. पूर्वी तर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. वळण घ्यायला जागा नाही, म्हणून गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ. १९२९ मध्ये नवी वाट काढून तो प्रकार बंद केला. विजेची इंजिनंही त्याच सुमाराची. बँकर मात्र राहिले. गाडीत बसलेल्यांना ते कधीच दिसत नाहीत.

खोपोली स्टेशनवर लोकल उभी होती. मालडब्यात काकांची सायकल चढवली. मी म्हटलं, मीही येतो. खरं सांगायचं तर घाटाची भीती होती, आणि अपराधीपणा ही सोयीस्कर सबब होती. काका म्हणाले, "तू कशाला? तुझी सायकल धड आहे. जा चढ. आणि शिंगरोबाला थांब."

मग मी एकटा घाटाला लागलो.

घाटात ड्राफ्टिंगची मिजास चालत नाही. ताशी सात-आठच्या वेगाला हवा कसली कापणार? तिथे भांडण सरळ गुरुत्वाकर्षणाशी. मी आणि सायकल मिळून ८५ किलो, चढ पाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण चार लाख ज्यूल. कॅलरीत शंभर किलोकॅलरी. शरीराची कार्यक्षमता पाव धरली तर चारशे, म्हणजे एखाद-दीड वडापाव. कागदावर इतकं सोपं! डावीकडे-उजवीकडे बघत हाच हिशोब मी उलटा लावत होतो, कारण लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी जवळपास याच उंचीवरून पाईपांतून खाली खोपोलीला येतं. टाटांचं ते वीजकेंद्र १९१५ पासून चालू आहे, आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी उतरताना गिरणी चालवतं आणि मी चढताना धापा टाकतो. एनर्जी कॉन्झर्वेशन झिंदाबाद.

तिसऱ्या वळणानंतर मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालायला लागलो. लाज वाटली. मग आठवलं, की १९१० मध्ये 'टूर द फ्रान्स'ने पहिल्यांदा पिरेनीजचे उंच घाट शर्यतीत घेतले, ३२६ किलोमीटरच्या एकाच टप्प्यात. तेव्हा ऑक्टाव्ह लापीझ घाटात सायकल ढकलत चालत आला होता आणि आयोजकांना तोंडावर खुनी म्हणाला होता. त्याने तो टप्पाही जिंकला आणि त्या वर्षीची टूरही. गिअर बदलणारा डिरेलर तर टूरमध्ये १९३७ पर्यंत चालतच नव्हता. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही हाच बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. सपाटीवर कोण कुणाच्या मागे लपलं ते कळत नाही. घाटात लपायला जागा नसते, म्हणून किताब घाटाचा.

शिंगरोबाचं देऊळ आलं. थांबलो. दंतकथा अशी, की इंग्रजांना या घाटातून वाट सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने त्यांना ती दाखवली, आणि वाट मिळाल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली. जाणारे ड्रायव्हर आजही इथे नाणं टाकून पुढे जातात. मी नाणं टाकलं. सुटं नव्हतं, बाजूच्या ट्रकच्या क्लीनरकडून घेतलं. देवळाशेजारी बसून मात्र डोक्यात एकच घोळत होतं. ४२,००० माणसांपैकी मला किती नावं माहीत होती? तीन. आणि तीन तास ज्यांच्या पुढे पायडल मारत होतो, त्या काकांचं नाव तरी मी रस्त्यावर पडल्याशिवाय कुठे विचारलं होतं?

वर काही अंतर जुना रस्ता एक्स्प्रेसवेलाच मिळतो. तिथे ट्रकच्या बाजूने जीव मुठीत धरून पुढे सरकलो. सायकलवाल्याला घाटात आजही स्वतःची अशी वाट नाही. लोणावळ्यात पोचलो तेव्हा ग्रुप कधीच पुढे गेला होता. पुणे रद्द केलं. चहा घेतला, परत घाट उतरलो, आणि खोपोलीहून रस्त्याने कर्जत गाठलं.

कर्जतला फलाटावर वडा खात उभा होतो. पुण्याकडे जाणारी गाडी आली. सगळी गर्दी वडेवाल्याकडे पळाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या शेपटाकडे गेलो. बँकर हळूच येऊन डब्याला टेकले. एक बारीकसा धक्का. वडे खाणाऱ्या एकानेही मान वळवली नाही.

संध्याकाळी मोबाईलवर ग्रुप फोटो आला. 'दीडशे वीर पुण्यात दाखल'. मोजायचा मोह आवरला नाही. दीडशे नव्हते, निदान दोन तरी कमी होते.

रात्री काकांना फोन केला. कोपराला पट्टी, हँगर ओळखीच्या पोराने सरळ करून दिला म्हणाले. खर्च देतो म्हटलं तर उडवून लावलं.

"पुढच्या रविवारी उंबरखिंड," ते म्हणाले. "दोघंच. आणि या वेळी तू माझ्या मागे."