शिंतो आचारधर्म
जपानच्या मूळ धर्मातील उपासनाप्रकार, विधी व नीतिविचार. ‘शिंतो’ म्हणजे कामींचा (देवतांचा) मार्ग. या धर्मास संस्थापक नाही व आज्ञांची संहिताही नाही. त्याची नीती मुख्यत्वे विधींतून व्यक्त होते. पापापेक्षा मालिन्याची (केगारे) कल्पना त्यात प्रधान आहे. मृत्यू, रक्त इत्यादींमुळे जडणारे मालिन्य ‘हाराए’ या शुद्धिविधीने किंवा ‘मिसोगी’ या स्नानाने दूर होते. कोजिकी (७१२) या ग्रंथात इझानागी हा देव मृत्युलोकातून परतल्यावर स्नान करतो; ही कथा मिसोगीचे मूळ मानली जाते. बाह्य शुद्धीबरोबरच मनाचा प्रांजळपणा (माकोतो) आवश्यक समजतात.

मंदिरोपासना, पंथीय उपासना व लोकाचार हे शिंतोचे प्रमुख प्रकार होत. मंदिरात हाततोंड धुऊन, दोनदा लवून, दोनदा टाळ्या वाजवून पुन्हा एकदा लवण्याचा प्रघात आहे. इसे येथील मंदिर सामान्यतः दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. ६२ वे पुनर्निर्माण २०१३ मध्ये झाले.

मेजी शासनाने १८६८ मध्ये शिंतो व बौद्ध उपासना विभक्त केल्या. पुढे तेरा पंथांना धर्म म्हणून मान्यता मिळाली. मंदिरविधी मात्र धर्म नसून नागरिकांचे कर्तव्य होय, अशी भूमिका शासनाने घेतली. संहितेच्या अभावी या विधींना राजनिष्ठेचा अर्थ जोडणे सुकर झाले. १९३० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांनाही मंदिरवंदनास नेले जाई. १५ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने राजाश्रय संपुष्टात आला आणि १९४७ मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने धर्म व शासन विभक्त केले. सार्वजनिक निधीतून यासुकुनी मंदिरास केलेले अर्पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरविले.