न जुळणारा आकडा

जुनं लष्करी पिस्तूल जमवणारे त्यात नेमकं काय बघतात? जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेलं लुगर पी०८ घ्या. त्याचे भाग हाताने घासून एकमेकांत बसवलेले असत. ते दुसऱ्या पिस्तुलाच्या भागांत मिसळू नयेत म्हणून छोट्या भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकत. आज सगळे आकडे जुळले की किंमत चढते. म्हणूनच काही जण जुना आकडा घासून नवा ठोकतात! न जुळणारं पिस्तूल स्वस्तात जातं. पण ते कदाचित युद्धकाळातच दुरुस्त झालेलं असेल, म्हणजे तो आकडाच पुरावा. तुमच्या डेटातही एखादा आकडा जुळला नाही, तर घासू नका. आधी विचारा, हा इथे आला कसा?