लाडक्या वाद्याचा निरोप

पेटी वाजवणाऱ्याची एक जुनी अडचण आपणा सर्वांना ठाऊक आहे. पट्टी दाबली की सूर उमटतो, पण नंतर बोटाने काहीही केले तरी तो जागचा हलत नाही. मींड नाही, आंदोलन नाही. पियानोचेही तेच. हातोडी तारेवर आदळून मागे फिरते आणि वादकाचा त्या सुराशी संबंध संपतो.

युरोपात मात्र या नियमाला अपवाद असलेले एक वाद्य होते, क्लाव्हिकॉर्ड. त्यात पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पितळेची लहानशी पाती असते. ती तारेला खालून भिडते आणि बोट उचलेपर्यंत तिथेच टेकून राहते. त्यामुळे बोटाचा दाब किंचित कमीजास्त केला की सूर थरथरतो. जर्मन लोक या कंपनाला ‘बेबुंग’ म्हणत. आवाज मात्र इतका नाजूक की शेजारच्या खोलीतही नीट पोचू नये.

थोर योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल बाख (१७१४-१७८८) याचे हे लाडके वाद्य. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या पदरी त्याने अनेक वर्षे काढली आणि १७६८ साली तो हॅम्बुर्गला गेला. वादकाची खरी पारख क्लाव्हिकॉर्डवरच होते, असे त्याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. त्याच्याकडचे वाद्य गोटफ्रीड सिल्बरमान या नामांकित कारागिराने घडवलेले होते. १७७२ साली इंग्रज संगीतलेखक चार्ल्स बर्नी याने ते त्याच्या घरी ऐकले. लांबवलेल्या करुण सुरांतून त्याने काढलेला आर्त स्वर बर्नीच्या मनात घर करून राहिला.

१७८१ साली बाखने हे वाद्य ग्रोटहूस नावाच्या आपल्या शिष्याला दिले. सोबत एक रचना पाठवली, ‘माझ्या सिल्बरमान क्लाव्हिकॉर्डचा निरोप’. रचनेचा प्रकार रोंडो. अभंगात धृपद फिरून फिरून येते, तशी रोंडोत मूळ सुरावट परतत राहते. त्या काळी रोंडो म्हणजे खेळकर, मनोरंजनाचा मामला. बाखने तोच साचा घेऊन ई मायनर या उदास स्वरमेळात विरहगीत रचले. सुरावट प्रत्येक वेळी परतते ती जणू निघता पाय निघत नाही म्हणून. लांब सुरांवर त्याने बेबुंगच्या खुणा केल्या आहेत. म्हणजे ज्या गुणासाठी वाद्य प्रिय होते, त्याच गुणाच्या आधाराने त्याने निरोप घेतला. शिष्याने उत्तरादाखल वाद्य मिळाल्याच्या आनंदाचा रोंडो रचला, हेही मोठे लोभस.

पुढे मोठी सभागृहे आली, त्यांना भरून टाकणारा पियानो आला आणि क्लाव्हिकॉर्ड मागे पडले. आज ही रचना पियानोवरही वाजवतात. सूर सगळे येतात, पण बेबुंगच्या खुणा कागदावरच राहतात. बाखने निरोप एका वाद्याचा घेतला होता. पुढच्या पिढ्यांनी, फारसा विचार न करता, त्या थरथरत्या सुराचाच घेतला.