'आगरी' या शब्दात एक खाण आहे



आगरी बोलीतली रील्स आपण सगळेच बघतो, हसतो, पुढे पाठवतो. पण आगरी म्हणजे काय, असं विचारलं तर बरेच जण हळद, डीजे आणि सोनं एवढ्यावर थांबतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या जुन्या गावांतला हा समाज. त्यांच्या नावामागचा शब्द मात्र चक्क खाणीतला आहे.

संस्कृतात 'आकर' म्हणजे खाण. रत्न अधिक आकर, रत्नाकर: रत्नांची खाण, म्हणजे समुद्र. प्राकृतात येताना मधल्या 'क'चा 'ग' झाला. मकरची मगर झाली ना, अगदी तसंच आकरचं आगर झालं. (एसटीवाले डेपोला 'आगार' म्हणतात, विठ्ठलवाडी आगार वगैरे, तो शब्द वेगळा. तो घर या अर्थाचा. एका कान्याचा फरक, पण खानदान वेगळं.)

आता प्रश्न असा, की खाणीचा शब्द मिठाला कसा चिकटला? समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळाशी उरलेलं मीठ ओढून काढायचं. यात खोदकाम कुठंय?

कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. दुसऱ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायात खाणींचा अधिकारी आहे, आकराध्यक्ष. आणि त्याच अध्यायात मिठाचा अधिकारीही आहे, लवणाध्यक्ष. म्हणजे राज्याच्या हिशेबात सोनं, लोखंड आणि मीठ एकाच वहीत! परमुलखातून आलेल्या मिठावर सहावा हिस्सा कर. मला वाटतं, शब्दाचं कोडं इथंच सुटतं. जिथून संपत्ती निघते ती जागा आकर, मग ती डोंगरात असो की खाडीत. म्हणूनच कोकणात नारळी-पोफळीच्या बागेलाही आगर म्हणतात. अलिबागकडचं अष्टागर त्यातलंच.

मिठावरची ही राजकीय नजर पुढेही हटली नाही. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं, की पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर आपलं मीठ पडून राहील. १९३० मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले, तेही याच मिठासाठी.

तर या आगरात राबणारा तो आगरी. कामावरून पडलेलं नाव. कुणी ते हिणवून उच्चारलं, तर त्याला खुशाल सांगा की हा शब्द कौटिल्याच्या दप्तरातला आहे.

आणि आमच्या कॅम्पाची गंमत ऐका. उपासाचं सैंधव, आजीच्या भाषेत शेंदेलोण, म्हणजे सिंधूच्या मुलखातलं मीठ. ते खरोखर खाणीतून खोदून काढतात; खेवड्याची प्रसिद्ध खाण आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. फाळणीनंतर इथल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. म्हणजे आमच्या शेजारात एकाचं गाव मिठाच्या नावात आणि दुसऱ्याचं मीठ जातीच्या नावात!

मीठ पिकवणारे आगरी आता थोडेच उरलेत. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. सीएसएमटीची लोकल पकडलीत तर मुलुंड गेल्यावर डावीकडे लक्ष ठेवा, त्याच बाजूला आहे ती.