बोलोन्या प्रक्रिया

बोलोन्या प्रक्रिया ही युरोपातील उच्च शिक्षणाच्या रचनेत सुसंगती आणण्यासाठी सुरू झालेली आंतरशासकीय सहकार्याची प्रक्रिया आहे. एका देशात मिळवलेली पदवी दुसऱ्या देशात ग्राह्य धरली जावी व विद्यार्थ्याला तेथे पुढील शिक्षण घेता यावे, हा तिचा प्रमुख उद्देश आहे. स्वित्झर्लंड, तुर्कस्तान यांसारखे युरोपीय संघाबाहेरील देशही तिचे सदस्य आहेत.

पार्श्वभूमी

२५ मे १९९८ रोजी फ्रान्स, जर्मनी, इटली व युनायटेड किंग्डमच्या शिक्षणमंत्र्यांनी पॅरिसमध्ये सॉरबॉन जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यानंतर १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या येथे २९ देशांच्या प्रतिनिधींनी बोलोन्या जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. हा जाहीरनामा कायदेशीर दृष्ट्या बंधनकारक नाही. २०१० मध्ये युरोपीय उच्च शिक्षण क्षेत्राची औपचारिक स्थापना झाली.

अभ्यासक्रमाची रचना

जाहीरनाम्यात पदवी व पदव्युत्तर असे दोन टप्पे होते. २००३ च्या बर्लिन बैठकीत विद्यावाचस्पती हा तिसरा टप्पा जोडण्यात आला. अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते. पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे असून एका श्रेयांकासाठी साधारणपणे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. यात तासिकांसोबत स्वाध्यायही मोजला जातो. पदवीसाठी १८० ते २४०, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सामान्यतः ९० ते १२० श्रेयांक लागतात.

पदव्यांच्या मान्यतेसाठी १९९७ चा लिस्बन करार महत्त्वाचा आहे. त्यानुसार मान्यता नाकारताना दोन पात्रतांमधील ठोस फरक दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर असते.

परिणाम आणि टीका

जर्मनीत दीर्घ मुदतीच्या 'डिप्लोम' व 'मागिस्टर' या पदव्यांची जागा बहुतांश विषयांत दोन टप्प्यांच्या रचनेने घेतली. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षणासाठी स्वतंत्र प्रवेश घेणे आवश्यक झाले. मूळ अभ्यासक्रम कमी वर्षांत कोंबला गेला, परीक्षा वाढल्या आणि परदेशी सत्रासाठी सवड उरली नाही, असे आक्षेप घेण्यात आले. विद्यार्थ्यांची ये-जा वाढवण्यासाठी केलेली रचनाच काही ठिकाणी तिच्या आड आली, असा या टीकेचा रोख होता. २००९ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियात विद्यार्थ्यांनी मोठी आंदोलने केली. व्हिएन्ना विद्यापीठाचे मुख्य सभागृह त्यांनी ताब्यात घेतले होते.

समर्थकांच्या मते समान चौकटीमुळे पदव्यांची तुलना सोपी झाली. मात्र श्रेयांक अभ्यासाचे परिमाण दाखवतात; विषयाचा आशय ठरवण्याचे काम विद्यापीठांकडेच राहते.