नवा स्वार आणि जुने अजिंक्यवीर

उरणच्या बाजूनें द्रोणागिरीकडे पाहिलें म्हणजे एकाच दृष्टिक्षेपांत दोन काळ दिसतात. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष, आणि पायथ्याशीं सिडकोनें आंखलेल्या नव्या वसाहतीचे रुंद, सरळ रस्ते. वरचे अवशेष एका जुन्या झगड्याचे साक्षी आहेत. ज्या पोर्तुगीजांचा दरारा या किनाऱ्यावर दोन शतकें टिकला, त्यांच्याकडून हा टापू वसईच्या मोहिमेच्या काळांत, १७३९ सालीं, मराठ्यांनीं घेतला. खालच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीजवळ आपली मोटरसायकल उभी करून बसलेल्या एका तरुणानें आम्हांस मध्यंतरीं विचारलें, "काका, अकोस्टा मार्केझला केव्हां हरवील हो?" आमच्या लहानपणीं ज्या वाहनास फटफटी म्हणत, त्याच्या जागतिक शर्यतींविषयीं हा प्रश्न होता. त्या वेळीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर वाटलें कीं, प्रश्न पोरवयाचा असला तरी पोरकट नाहीं. नवा पराक्रमी पुरुष जुन्या अजिंक्यवीरांस कशाच्या बळावर मागें टाकतो, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

आपल्या इतिहासांत त्याचें एक उत्तर सर्वांच्या परिचयाचें आहे. १७२० च्या एप्रिलांत शाहूमहाराजांनीं बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं, तेव्हां त्याचें वय पुरतें वीस वर्षांचेंहि नव्हतें. दरबारांत श्रीपतराव प्रतिनिधींसारखे मुरलेले मुत्सद्दी, आणि समोर निजामुल्मुल्कासारखा अनुभवी सेनानी. निजामाचा भरंवसा जड तोफखान्यावर, तर पेशव्याचा हलक्या घोडदळावर. आठ वर्षांनीं पालखेडास निजाम पाण्यावांचून कोंडला गेला, याचें कारण त्याच्याजवळ तोफा नव्हत्या हें नव्हे. तोफा मागें राहाव्या अशा वेगानें त्यास धांवावयास लावलें, हें आहे. तात्पर्य, नव्या वीरास तीन गोष्टी लागतात: छाती, लढण्याची नवी रीत, आणि त्या रीतीस साजेसें घोडें. पहिल्या दोन त्याच्या स्वतःच्या असतात. तिसरी बहुधा दुसऱ्याच्या पागेंतून यावी लागते.

मोटरसायकलच्या शर्यतींचा इतिहास याच कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यत १९०७ सालीं सुरू झाली, आणि जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९४९ पासून भरूं लागली. या स्पर्धेंत जेफ ड्यूक या इंग्रज तरुणानें १९५१ सालीं नॉर्टन गाडीवर ५०० सीसीचें अजिंक्यपद मिळविलें. परंतु नॉर्टनचें एंजिन एका सिलिंडरचें, आणि इटलीच्या गिलेरा गाडीचें चार सिलिंडरांचें. पुढच्याच वर्षीं अजिंक्यपद गिलेरावरील मासेत्तीकडे गेलें. ड्यूकच्या दुखापतीचाहि त्यांत वांटा होता. तथापि त्यानें वारा ओळखला, आणि १९५३ त तो स्वतःच गिलेरावर स्वार झाला. स्वदेशाची गाडी सोडल्याबद्दल बोल लागले असतील, पण त्यानें लागोपाठ तीन वर्षें अजिंक्यपद राखलें.

याच्या उलट उदाहरण माइक हेलवुडचें. १९६२ ते १९६५ अशीं चार वर्षें एम. व्ही. अगुस्ता गाडीवर तो अजिंक्य होता. १९६५ त त्याच कारखान्यानें जाकोमो आगोस्तिनी नांवाचा इटालियन तरुण त्याच्या शेजारीं आणून बसविला. हेलवुड होंडाकडे गेला. होंडाची गाडी शक्तीनें प्रचंड, पण वळणावर अवखळ. १९६७ सालीं दोघांनींहि पांच पांच शर्यती जिंकल्या, दोघांचे गुणहि सारखेच भरले, आणि आगोस्तिनीचे दुसरे क्रमांक अधिक म्हणून अजिंक्यपद त्याच्याकडे राहिलें. स्वार म्हणून हेलवुड कमी होता असें त्याचा शत्रूहि म्हणणार नाहीं.

नवी रीत म्हणजे काय, हें पाहावयाचें तर केनी रॉबर्ट्सकडे वळावें. अमेरिकेंतील मातीच्या मैदानांवर मागचें चाक घसरवीत वळण घेण्याची त्याची तालीम झालेली. १९७८ त तो युरोपांतील पक्क्या मार्गांवर पूर्ण हंगामासाठीं उतरला, आणि मागील दोन वर्षांचा विजेता बॅरी शीन यास त्यानें पहिल्याच हंगामांत मागें टाकलें. पांच वर्षांनीं त्याच रॉबर्ट्सला एकवीस वर्षांच्या फ्रेडी स्पेन्सरनें अवघ्या दोन गुणांनीं हरविलें. पदार्पणाच्याच वर्षीं सर्वोच्च अजिंक्यपद जिंकण्याचा रॉबर्ट्सचा पराक्रम पुन्हां घडण्यास २०१३ साल उजाडावें लागलें. स्पेनच्या मार्क मार्केझनें तेव्हां होर्गे लोरेन्झोस चार गुणांनीं मागें सारलें. मार्केझ वीस वर्षांचा होता.

आतां ज्याच्याविषयीं टपरीवर प्रश्न निघाला तो पेद्रो अकोस्टा. स्पेनच्या मुर्सिया प्रांतांतील माझारॉन गांवीं, कोळ्याच्या घरीं, २००४ सालीं त्याचा जन्म झाला. आमच्या उरण-करंजाच्या वाचकांस एवढ्यावरूनच त्याच्याविषयीं आपलेपणा वाटेल! २०२१ त, जागतिक स्पर्धेंतील आपल्या दुसऱ्याच शर्यतींत, त्यास सर्वांच्या मागून, गाड्या दुरुस्त होतात त्या गल्लींतून सुरुवात करावी लागली. आणि ती शर्यत त्यानें जिंकली. त्याच वर्षीं मोटो-३ चें आणि २०२३ त मोटो-२ चें अजिंक्यपद त्याच्याकडे आलें. २०२३ च्या सप्टेंबरांत नोएडाजवळच्या बुद्ध मार्गावर जागतिक शर्यत भरली, तेव्हां मोटो-२ ची शर्यतहि त्यानेंच जिंकली. २०२४ त तो सर्वोच्च वर्गांत आला, तेव्हां एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे पेशवाईचीं वस्त्रें घेणाऱ्या बाजीरावाच्याच वयाचा. त्या वर्षीं तो सहावा आला आणि २०२५ त चौथा. या दोन हंगामांत तो अनेकदां पहिल्या तिघांत आला, परंतु रविवारची मुख्य शर्यत एकहि जिंकूं शकला नाहीं.

असें कां व्हावें? छाती आहे, रीतहि आहे. घोडें मात्र अजून पुरतें तयार नाहीं. त्याची गाडी ऑस्ट्रियाच्या केटीएम कारखान्याची. हा कारखाना २०२४ च्या नोव्हेंबरांत कर्जापायीं न्यायालयाच्या दारीं गेला. २०२५ च्या फेब्रुवारींत धनकोंनीं आपल्या येण्यापैकीं तीस टक्के घेऊन तडजोड मान्य केली. पण तेवढा तरी पैसा आणावयाचा कोठून? तो आला पुण्याहून. २००७ पासून केटीएमचे भागीदार असलेल्या बजाज कंपनीनें एकंदर ऐंशी कोटी युरोंची तरतूद केली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कारखान्याची सूत्रें तिच्या हातीं आलीं. टपरीजवळ उभी असलेली त्या तरुणाची केटीएम ड्यूक चाकणला बनलेली होती. अकोस्टाच्या घोड्याच्या दाण्यावैरणीची चिंता आकुर्डीला वाहिली जात आहे, हें त्याच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

जुना अजिंक्यवीर तरी स्वस्थ कोठें बसला होता? २०२० त मार्केझचा उजवा हात मोडला. त्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटीं ज्या होंडानें त्यास सर्व कांहीं दिलें ती सोडून, २०२४ त तो दुय्यम संघांतून डुकाटीच्या जुन्या गाडीवर बसला. ड्यूकनें जें विजयाच्या भरांत केलें, तें यानें पडत्या काळांत केलें. २०२५ त कारखान्याच्या मुख्य संघांतून, २८ सप्टेंबर रोजीं जपानांत, त्यानें सर्वोच्च वर्गांतील सातवें अजिंक्यपद निश्चित केलें. आणि पुढच्याच शर्यतींत जखमी होऊन उरलेल्या हंगामास मुकला.

अकोस्टा मार्केझहून अकरा वर्षांनीं लहान आहे. काळ त्याच्या बाजूस आहे, असें म्हणणें सोपें. परंतु काळ कोणाचाच बांधील नसतो. दानी पेद्रोसानें खालच्या वर्गांत तीन अजिंक्यपदें मिळवून २००६ त सर्वोच्च वर्गांत पाऊल टाकलें, एकतीस शर्यती जिंकल्या, तीनदां दुसरा आला, आणि अजिंक्यपदावांचूनच निवृत्त झाला. योगायोग असा कीं, पुढें त्यानेंच परीक्षक स्वार म्हणून केटीएमची गाडी घडविण्यास हातभार लावला. म्हणून आमचा निर्णय असा: गुण पाहतां अकोस्टा मार्केझच्या जागीं बसण्यास लायक आहे, पण घोडें पुरें पडलें नाहीं आणि वेळींच बदललेंहि नाहीं, तर तो दुसरा पेद्रोसा होईल.

एक गोष्ट मात्र त्या तरुणास सांगावयाची राहिली, ती येथें लिहितों. २०११ सालीं मलेशियांतील शर्यतींत मार्को सिमोन्चेल्ली हा उगवता स्वार चोविसाव्या वर्षीं मृत्यु पावला. आणि तो मार्ग बंदिस्त होता, वैद्य जवळ होते, समोरून कोणी येणारें नव्हतें. द्रोणागिरीच्या पायथ्याशीं समोरून बंदराचे कंटेनर येतात. वेगाची हौस असेल त्यानें चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईस किंवा कोइंबतूरला जावें, शिस्तीनें शिकावें; घरच्यांनींहि ती हौस दडपण्यापेक्षां त्या वाटेचा खर्च सोसावा. आपला मुलगा कोणत्या रस्त्यावर वेगाशीं झुंजतो आहे, हें आईबापांस ठाऊक असणें हें अकोस्टाच्या जयापजयाहून आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.