बत्तीस बोअरची निवड : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवान्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगावयाचे पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर कोणत्या बोअरचे असावे, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने जखमेचा, वेगाचा आणि गोळीच्या वजनाचा मानला गेला. भारतात, आणि वाशीमसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात तर विशेषत्वाने, त्याचे उत्तर प्रयोगशाळेने दिलेले नाही. ते शासकीय अनुसूचीने दिले आहे. परवानाधारकाच्या कमरेला बत्तीस बोअरचेच रिव्हॉल्व्हर का दिसते, याचा शोध घेताना शस्त्रविज्ञानापेक्षा वसाहतकालीन राज्यकारभाराचा इतिहासच अधिक उपयोगी पडतो. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

येथे 'बोअर' या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. बारा बोअरच्या बंदुकीत 'बारा' हा आकडा नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात हे दाखवितो. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र 'बत्तीस' म्हणजे एका इंचाचे बत्तीस शतांश. त्यामुळे बाराची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर रुंद, तर बत्तीसची आठ मिलिमीटरच्याही आतली असते. बोलीभाषेत दोन्हींना एकच शब्द असल्याने मोठा आकडा म्हणजे मोठे हत्यार असा समज सहज होऊ शकतो.

वऱ्हाड आणि १८७८ चा कायदा :

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी तांत्रिकदृष्ट्या ते निजामाचेच राहिले. परिणामी ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत. वाशीम हा हैदराबाद सुपूर्त जिल्ह्यांपैकी एक जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडण्यात आला आणि वाशीम अकोल्याला जोडले गेले. दक्षिणेस निजामाच्या मुलखातील हिंगोली असल्याने हा भाग दोन राज्यव्यवस्थांच्या सीमेवर वसलेला होता. अशा मुलखात कोणाजवळ कोणते हत्यार आहे याविषयी सरकार दक्ष राहणे स्वाभाविक होते.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हिंदी शस्त्र कायदा संमत झाला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सवलत मिळाली. हा भेद सुशिक्षितांच्या मनाला लागला. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्यात बदलाची मागणी केली आणि १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट केला. स्वातंत्र्यानंतर संविधानात मात्र हा हक्क आला नाही. वांशिक भेद गेला, परवान्याची चौकट राहिली.

निषिद्ध बोअरची कल्पना :

बोअरनिवडीचे खरे मूळ येथे आहे. १८५७ नंतर सरकारला सर्वाधिक भीती होती ती लष्करी काडतुसे चोरीला जाऊन खासगी हत्यारांत वापरली जाण्याची. हत्याराच्या मारक शक्तीपेक्षा सैन्याचे काडतूस त्यात बसते की नाही, हीच कसोटी महत्त्वाची ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी .४५० बोअरच्या रायफलींवर आलेल्या बंदीमुळे इंग्लंडमधील बंदूककारांनी हिंदुस्थानातील शिकाऱ्यांसाठी .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसे तयार केली. हत्ती-वाघ मारण्याइतके बळ त्यांतही होते. सरकारचा आक्षेप बळाला नव्हताच.

हीच कसोटी स्वतंत्र भारताने स्वीकारली. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. १९६२ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ व ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, तसेच .३८० किंवा .४५५ ची कडेची काडतुसे अथवा ९ मिलिमीटरची लष्करी काडतुसे ज्यांत बसतील अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर वरच्या, निर्बंधित वर्गात ठेवली गेली. अशा शस्त्रांचा अधिकार केंद्र शासनाकडे राहिला. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या कक्षेत उरलेल्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांत मुख्यत्वे .३२, .२५ व .२२ ही लहान बोअरे होती. १९८० च्या दशकात खासगी आयातीवर निर्बंध आल्यानंतर निवड आणखी आकुंचित झाली आणि ग्राहक आयुध निर्माणींवर अवलंबून राहिला.

कानपूरच्या लघुशस्त्र निर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर या दृष्टीने बोलके आहे. त्याची घडण .३८ बोअरच्या वेब्ले मार्क चार या इंग्रजी रिव्हॉल्व्हरवर बेतलेली आहे. नळी वरून मोडून काडतुसे भरण्याची तीच जुनी पद्धत. म्हणजे सांगाडा लष्करी परंपरेतला, पण त्यातील काडतूस सैन्याने कधी न वापरलेले. अनुसूचीची इतकी स्पष्ट छाप अन्य कोणत्याही वस्तूवर क्वचितच दिसेल.

बत्तीसचे सामर्थ्य आणि जगातील वाद :

हे काडतूस १८९६ च्या सुमाराचे, स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचे. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने, थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना, कोल्टचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर. ऊर्जा सुमारे १५० ज्यूल. तुलनेसाठी, जुन्या .४५५ वेब्लेची ऊर्जा सुमारे ३०० ज्यूल, तर ९ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची ५०० ज्यूलच्या आसपास भरते.

फिलिपाइन्समधील मोरो लढवय्यांविरुद्ध .३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडल्याच्या तक्रारींवरून अमेरिकी सैन्याने १९०४ साली थॉम्पसन व लागार्ड या अधिकाऱ्यांकडून शिकागोत गुरे व मृतदेह यांवर गोळीबाराच्या चाचण्या करविल्या. .४५ पेक्षा लहान बोअर नको, असा त्यांचा निर्णय होता. चाचण्यांची पद्धत आजच्या दृष्टीने फारशी काटेकोर नव्हती. तरीही या शिफारशीचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. ब्रिटिशांनी नेमका उलटा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर .४५५ सोडून त्यांनी .३८ स्वीकारले, कारण अल्प प्रशिक्षणाच्या सैनिकाला जड रिव्हॉल्व्हरने नेम साधत नाही असे आढळले. ११ एप्रिल १९८६ च्या मायामीतील चकमकीत अमेरिकेच्या एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एक ९ मिलिमीटरची गोळी गुन्हेगाराच्या हृदयापर्यंत पोचली नाही, म्हणून त्या संस्थेने मोठ्या काडतुसांकडे मोर्चा वळविला. पुढे २०१४-१५ च्या सुमारास, सुधारित गोळ्या उपलब्ध झाल्यावर, ती पुन्हा ९ मिलिमीटरकडेच परतली. शतकभराच्या या फेऱ्यांतून हाती लागते ते एवढेच, की हत्यारबंद हल्लेखोराला थांबविण्यात गोळी कोठे लागते आणि किती खोल जाते याला महत्त्व आहे. व्यासातील थोडा फरक त्यापुढे गौण ठरतो. नेमासाठी सराव लागतो. भारतीय परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित असते आणि प्रत्येक काडतुसाचा हिशोब ठेवावा लागतो. सरावाअभावी बत्तीसचे हलके धक्के हा दोष नसून एक सोयच ठरते, हे मान्य करावे लागेल.

शेतकऱ्याची बंदूक :

परंतु वाशीम जिल्ह्यातील स्वसंरक्षणाचा विचार रिव्हॉल्व्हरपाशी संपत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आणि काटेपूर्णेचे जंगल यांच्या भोवती शेते आहेत. हरभरा, तूर, सोयाबीन यांवर हरणे, रोही आणि रानडुकरे यांचे कळप पडतात व शेतकऱ्याला रात्री जागलीला जावे लागते. अंधारात चवताळलेले रानडुक्कर अंगावर आले तर दीडशे ज्यूलच्या गोळीचा भरवसा कोणी धरू नये. येथे ठासणीची बंदूक वा बारा बोअरचीच बंदूक उपयोगाची.

लक्षणीय बाब अशी की, १९५९ च्या अधिनियमाने हा भेद ओळखला होता. कलम १३ च्या पोटकलम ३ नुसार, संरक्षण वा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हरसारख्या अन्य शस्त्रांसाठी मात्र 'योग्य कारण' आहे अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गरजूचे हत्यार लांब नळीचे होते, तर आखूड नळीचे हत्यार अपवाद होते. व्यवहारात रिव्हॉल्व्हर हे संपन्नतेचे व प्रतिष्ठेचे चिन्ह बनले. २०१४ साली महिलांसाठी म्हणून आलेल्या 'निर्भीक' या बत्तीस बोअरच्या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. जागलीला जाणारा कोरडवाहू शेतकरी या ग्राहकवर्गात बसत नव्हता.

त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा उपयोग मर्यादित केला. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यास मारण्यासाठीही वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवाना महसूल खात्याचा, अहवाल पोलिसांचा आणि परवानगी वनखात्याची, अशा तीन दारांतून शेतकऱ्याला जावे लागते. स्वतःच्या जिवावर बेतले तर परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही, असे त्या अधिनियमाचे कलम ११ सद्भावनेच्या अटीवर म्हणते. पण घटनेनंतर ती सद्भावना पटवून द्यावी लागते ती त्यालाच.

अलीकडील बदल :

२०१६ च्या नव्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन केली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. खासगी बचावाचा हक्क, जो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला. आवश्यक तेवढीच इजा करावी ही त्याची मर्यादा मात्र बदलली नाही. २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबळ' हे अधिक पल्ल्याचे नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले गेले. त्याचेही बोअर बत्तीसच आहे.